शाबासकीचा बाण

माझ्या आत्याचे यजमान पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. ‘येथे चष्मे दुरुस्त होतील’, ‘दारासमोर गाडी लावू नये’, ‘दवाखाना वरच्या मजल्यावर’ अशी त्यांची अक्षरं शहरभर पसरलेली होती. जे सांगायचं ते पाटीवर सांगून झालेलं, त्यामुळे तोंडात फारसं काही शिल्लक नसायचं. आत्या म्हणायची, "यांच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीशी भांडायचं, आणि भिंतही यांनीच रंगवलेली." आम्ही भावंडं त्यांना आतोबा म्हणायचो. बाकी जग त्यांना पेंटर म्हणायचं. देशभर फिरणाऱ्या सायकल शर्यतीत या पेंटरांनी चौतीस वर्षं काढली, आणि सायकल त्यांना शेवटपर्यंत चालवता येत नव्हती.

पुढची हकीकत बहुतेक माझ्या बाबांनी सांगितलेली. बाबा आत्याचे धाकटे भाऊ आणि या गोष्टीतले ड्रायव्हर. ते सांगताना थोडा मसाला घालतात. तो मी जमेल तेवढा झटकून काढला आहे.

शर्यत काढली एका सायकलच्या दुकानदाराने. पुढे त्याला सगळे चिटणीस म्हणू लागले, कारण समितीतली सगळी कामं तोच करायचा आणि अध्यक्ष फक्त शिट्टी वाजवायचे. त्याची कल्पना साधी होती. सहा दिवस, सहा टप्पे, रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं, आणि सहा दिवसांचा मिळून ज्याचा वेळ सगळ्यांत कमी तो जिंकला. पहिल्या वर्षी त्रेचाळीस जण जमले. त्यांत दोन सुतार होते, एक पोस्टातला कारकून, एक व्यायामशाळेचा मास्तर आणि बरेचसे नुसतेच हौशी. चिटणीसांनी पाण्याची पिंपं, पंप, डॉक्टर, पंक्चरचं सामान, सगळं जमवलं होतं. सामान वाहायला बाबांचा टेम्पो घेतला होता. एरवी बाबा त्यातून गाद्या पोचवत.

फक्त एक गोष्ट राहून गेली. रस्ता सगळ्यांना ठाऊकच असणार, असं चिटणीसांनी गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी एका चौकात पुढचा माणूस चुकून डावीकडे वळला. मागचे अठरा जण त्याच्या पाठीकडे बघत मोठ्या विश्वासाने त्याच्यामागे गेले, आणि सगळेच्या सगळे बटाट्याच्या गोदामाच्या आवारात शिरले. तिथल्या पहारेकऱ्याने फाटक लावून घेतलं. आत येताना कुणी पास दाखवला नाही, तेव्हा बाहेर जाताना तरी दाखवा, असं त्याचं म्हणणं. त्याची समजूत घालण्यात पाऊण तास गेला. शेवटी हे एकोणीस जण अंतिम रेषेवर पोचले ते उलट्या बाजूने, आणि वाट बघत उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या पाठीवर जवळजवळ आदळले.

आतोबा तिथेच होते. त्यांना ‘समाप्ती’ असा कापडी फलक रंगवायला बोलावलं होतं आणि ते शेवटच्या वेलांटीला हात फिरवत होते. बाबा सांगतात, दोन दिवसांत त्यांनी तोंडातून काढलेलं ते पहिलं वाक्य. कुणाला उद्देशून नव्हतं, ब्रश पुसता पुसता म्हणाले, "एक बाण लावला असता तर काय बिघडलं असतं?"

चिटणीसांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "मग उद्यापासून तुम्हीच लावा."

अशी ती नोकरी लागली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाबा आणि आतोबा टेम्पो घेऊन शर्यतीच्या पुढे निघाले. मागे गाद्यांच्या ढिगावर पुठ्ठ्याचे साठ बाण, घाईघाईत रंगवलेले, वाळायचे होते ते. त्या आठवड्यात गाद्या ज्यांच्या घरी पोचल्या त्यांना चादरीखाली काळे बाण सापडले म्हणतात. हा बाबांचा मसाला असू शकतो.

आतोबांनी बाणाचं शास्त्र हळूहळू बसवलं. पहिल्या वर्षी बाण उंचावर लावले, तर ते कुणाला दिसेनात. सायकलवाला मान खाली घालून येतो, हे त्यांना मागाहून कळलं. मग बाण छातीच्या उंचीवर आले. पुठ्ठा पावसात लोंबायला लागला, तेव्हा पत्रा आला. लोक आठवण म्हणून बाण घरी न्यायला लागले, तेव्हा आतोबांनी तारेची स्वतःची एक गाठ काढली. पक्कड घेऊनही ती सुटायला पाच मिनिटं लागायची. आणि प्रत्येक वळणाला एक नाही, तीन बाण. पहिला वळणाच्या दोनशे पावलं अलीकडे, सावध करणारा. दुसरा वळणावर. तिसरा वळून झाल्यावर थोडं पुढे.

"दाजी, वळून झाल्यावर बाण कशाला?" बाबांनी विचारलं होतं. "वळला तो वळलाच ना?"

"वळला. पण बरोबर वळलो का, ही धाकधूक राहते. तेवढ्यासाठी शाबासकी."

तेव्हापासून त्या तिसऱ्या बाणाचं नाव शाबासकीचा बाण पडलं. पुढे शर्यतीतले लोक सर्रास तो शब्द वापरू लागले. एका नावाजलेल्या सायकलपटूने मुलाखतीत सांगितलं होतं, की लांबच्या टप्प्यात एकटं पडल्यावर शाबासकीचा बाण दिसला की घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. आतोबांनी ती मुलाखत वाचली नाही. आत्याने वाचून दाखवली, तेव्हा म्हणाले, "हं."

सातव्या वर्षी ते प्रकरण झालं.

त्या साली चौथा टप्पा डोंगरावरच्या एका लहान गावातून जाणार, असं महिनाभर आधी पेपरात छापून आलं. गावाने ते मनावर घेतलं. रस्त्यावरचे दगड उचलले, खड्डे बुजवले, शाळेतल्या मुलांनी कागदाची निशाणं केली. गावात एक बाई बेकरी चालवत होत्या, उंचपुऱ्या, खणखणीत आवाजाच्या. सायकलवाल्यांना चढ चढून भूक लागणार म्हणून त्यांनी तीनशे पाव भाजायला घेतले. आणि शर्यतीच्या तीन दिवस आधी कुणी तरी चिटणीसांच्या कानावर घातलं, की गावापलीकडचा पूल कमकुवत झाला आहे, मोटारी त्यावरून नेऊ नयेत. चिटणीसांनी मुकाट्याने टप्पा खालच्या रुंद रस्त्याने वळवला. बदललेला नकाशा आतोबांना दिला, पोलिसांना दिला, रेडिओला दिला. गावाला कळवायचं राहिलं.

आतोबांनी नकाशाप्रमाणे फाट्यावर तीन बाण लावले, सरळ खालच्या रस्त्याकडे, आणि टेम्पो पुढे गेला.

तीन तासांनी शर्यत आली आणि वरच्या रस्त्याला लागली. एकाहत्तर सायकली डोंगर चढून गेल्या. समितीच्या दोन मोटारी त्यांच्यामागे गावापर्यंत गेल्या आणि पुलाशी अडकल्या. पोलिसांनी सायकली सोडल्या आणि मोटारी परत फिरवल्या. त्यांना वळसा घालून यायला तास लागला. तो तासभर देशाची शर्यत देवाच्या भरवशावर चालली होती. कोण पुढे, कोण मागे, बघायला कुणी नाही. अंतिम रेषेवर सगळ्यांत आधी आला तो पोस्टातला कारकून. सहा वर्षं तो पहिल्या तिसातही आला नव्हता. आणि आला तो तब्बल नऊ मिनिटं आधी.

झालं. मोठ्या संघांनी गदारोळ केला. कारकून ट्रकला धरून चढला असणार, असं कुणी म्हणालं. बाण चुकला, सगळा टप्पाच रद्द करा, असं दुसरं कुणी. चिटणीस घामाघूम झाले आणि म्हणाले, पेंटरने घोटाळा केला.

त्या साली टप्प्यांच्या मधे एक दिवस विश्रांतीचा धरला होता, तो नेमका दुसरा दिवस. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये चौकशी ठेवली होती. आतोबा सकाळी बाबांना म्हणाले, "फाट्यावर चल." तिथे बाण अजून खांबावर होता. आतोबांनी तारेची गाठ बघितली. "ही माझी नाही. डाव्या हाताने मारलेली आहे." मग पत्र्यावरून बोट फिरवलं आणि बाबांना दाखवलं. बोटाला पीठ लागलं होतं.

दोघं गावात गेले. बेकरी शोधायला लागली नाही, रस्त्यावर एकच होती. बाई भट्टीसमोर उभ्या होत्या. आतोबांनी पक्कड हातात धरलेली बघूनच त्यांना कळलं.

"हो, मीच फिरवला," त्या म्हणाल्या. "पहाटे गच्चीवरून बघितलं तुम्हाला. सगळं गाव रस्त्यावर उभं होतं. पोरं आंघोळी करून बसली होती. मी काय सांगायचं त्यांना?"

आतोबांनी पक्कड खिशात घातली. मग त्यांनी विचारलं, "तिसरा बाणही हलवलात?"

"मग? वळून झाल्यावर माणसाला धीर नको का?"

बाबा शपथेवर सांगतात, की त्या क्षणी आतोबांच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडला नसता. परत येताना ते टेम्पोत एवढंच बोलले, की तिन्ही बाण बरोबर उंचीवर होते, आणि इतक्या वर्षांत कुणी न शिकवता हे जमलेलं पहिलंच माणूस.

बाईंकडून आणखी एक कळलं. कारकून गावात एकटाच पुढे आला होता. पुढे-मागे ट्रक नव्हता, बैलगाडीसुद्धा नव्हती. त्याने सायकलवरूनच हात लांब करून एक पाव उचलला, तोंडात धरला आणि चढ चढून गेला. शंभर माणसांनी ते बघितलं होतं. पोस्टात कारकून होण्याआधी हा माणूस आठ वर्षं डोंगरातल्या वस्त्यांवर टपाल पोचवत होता, हे पुढे कळलं. चढ असलेला टप्पा त्याच्या वाट्याला आजवर कधी आलाच नव्हता.

बाई चौकशीला यायला तयार होत्या, पदर खोचून निघाल्याच होत्या. आतोबांनी त्यांना थांबवलं.

हॉलमध्ये समितीचे नऊ जण आणि तीन संघांचे प्रमुख बसले होते. अध्यक्षांनी आतोबांना विचारलं, बाण चुकीचा लावलात का. आतोबा म्हणाले, नाही. मग फिरवला कुणी, माहीत आहे का? आतोबा म्हणाले, आहे. नाव सांगा. आतोबा म्हणाले, नाही सांगणार. त्यावर चिटणीस उठून उभे राहिले आणि पोलिसांचं नाव काढलं. तेव्हा आतोबा आयुष्यातलं सगळ्यांत लांब बोलले. बाबांना ते पाठ आहे, आणि यात मसाला नाही, कारण मी दुसऱ्या दोघांकडून तेच ऐकलं आहे.

"पेपरात त्या गावाचं नाव छापलंत, तो पहिला बाण. तो तुम्ही लावलात. गाव त्याप्रमाणे चाललं. मग कुणाला न सांगता तो तुम्हीच फिरवलात. माझा बाण कुणी फिरवला ते मला विचारता, तर तुमचा कुणी फिरवला तेही विचारा. आणि तो पोस्टातला माणूस सरळ जिंकलाय. शंभर जणांनी बघितलंय, गावात जाऊन विचारा."

मग ते खाली बसले आणि पक्कड पुसू लागले.

समितीने माणूस पाठवून गावात विचारलं. टप्पा कायम राहिला, कारकुनाचा विजयही. पण चिटणीसांना चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं होतं, तेव्हा नाव न सांगितल्याबद्दल पेंटरला काढून टाकलं. आतोबा दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने घरी आले. आत्याने दार उघडलं. तिने रेडिओवर सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "बरं केलंत. हातपाय धुवा." बायको म्हणून तिने दिलेली ही सगळ्यांत मोठी शाबासकी, असं आतोबा पुढे सांगत.

उरलेल्या दोन टप्प्यांचे बाण चिटणीसांच्या भाच्याने लावले. पाचव्या टप्प्यात शर्यत एका फळबागेत गेली. सहाव्या टप्प्यात ती स्टेडियममध्ये मागच्या दाराने आली आणि फुटबॉल खेळणारी पोरं पांगली.

पुढल्या वर्षी चिटणीस स्वतः घरी आले, मिठाईचा पुडा घेऊन. माणूस वाईट नव्हता, फक्त कामाच्या ओझ्याने वाकलेला होता. त्यांनी सरळ कबूल केलं, की तुमच्याशिवाय आमचं अडतं. आतोबांनी एकच अट घातली, टप्पा त्या गावातून न्यायचा. पूल तोवर दुरुस्त झाला होता. चिटणीस हो म्हणाले, आणि आपली चूक झाकायला का होईना, त्या चढाला खास बक्षीसही लावलं. आज शर्यतीतलं सगळ्यांत गाजलेलं ठिकाण तेच. रेडिओवाले त्याला ‘बेकरीचा घाट’ म्हणतात, आणि शर्यत तिथेच ठरते असं जाणकार सांगतात. जाणकारांना पिठाचं काही माहीत नाही.

इतकी वर्षं काम केलं, पण आतोबांनी शर्यत बघितली ती एकदाच. ते नेहमी तीन तास पुढे. सायकली निघाल्या की हे निम्म्या वाटेवर, सायकली पोचल्या की हे दुसऱ्या गावात उद्याचे बाण मोजत. एकोणिसाव्या वर्षी टेम्पोचा अ‍ॅक्सल तुटला आणि शर्यतीने त्यांना गाठलं. बाबा उत्साहाने टपावर चढले. आतोबा रस्त्याकडेला, आपल्याच बाणाशेजारी उभे राहिले. आधी मोटारसायकली आल्या, मग एक सळसळ झाली आणि शंभरेक माणसं रंगीत भिंतीसारखी समोरून गेली. चाळीस सेकंद. धूळ बसल्यावर बाबांनी विचारलं, कसं वाटलं. आतोबा म्हणाले, "कुणी बाणाकडे बघितलंच नाही. सगळे पुढच्याच्या पाठीकडे बघतात." मग जरा वेळाने म्हणाले, "पहिल्याने बघितलं. पुरे."

आत्याचं उलटं. तिने घर सोडलं नाही, पण दरवर्षी ते सहा दिवस, आणि पुढे आठ झाले ते आठ, रेडिओ तिच्या शिलाई मशीनवर असायचा. कोण जिंकलं, कितीने जिंकलं, कुणाची साखळी कुठल्या पुलावर तुटली, सगळं तिच्या जिभेवर. शर्यतीच्या इतिहासाचं पुस्तक करायचं ठरलं, तेव्हा समितीने एक मुलगी आतोबांकडे पाठवली. तिने आवाज टिपायचं यंत्र सुरू केलं आणि विचारलं, अकराव्या वर्षीचा विजेता तुम्हाला आठवतो का.

आतोबा म्हणाले, "अकराव्या वर्षी दगडी पुलापाशी खांब नव्हता. झाडाला बांधला होता."

मुलीने बाराव्या वर्षाचं विचारलं. त्या वर्षी खांबाला ओला रंग होता, असं उत्तर मिळालं. आत्या स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. ती हात पुसत बाहेर आली, मुलीच्या समोर बसली आणि अकराव्या वर्षापासून जी सुरू झाली ती जेवणाची वेळ टळेपर्यंत. मुलगी चार दिवस येत राहिली. पुस्तक निघालं त्यात आतोबांचा एक फोटो आहे, शिडीवर, पाठमोरा. आत्याचं नाव आभाराच्या पानावर सगळ्यांत वर आहे. तिने पुस्तकात तीन चुका काढून समितीला पत्रही पाठवलं.

दोन वर्षांपूर्वी आतोबांच्या गुडघ्यांनी शिडीला नकार दिला. बाबांनी त्याआधीच टेम्पो विकला होता. आता समितीकडे जाड प्लास्टिकचे छापील बाण आहेत, ते लावायला दोन माणसं आणि गाडी आहे. सायकलवाल्यांच्या कानात रेडिओ असतात. आतोबांनी त्या दोघांना तारेची गाठ शिकवली, शाबासकीच्या बाणाचं अंतर समजावून दिलं आणि घरी येऊन पाय लांब करून बसले.

यंदा त्यांनी पहिल्यांदाच शर्यत पूर्ण बघितली, टीव्हीवर, आत्याशेजारी खुर्चीत. मी त्या आठवड्यात त्यांच्याकडे राहायला गेले होते. तिसऱ्या दिवशी आतोबांनी आत्याला विचारलं, काल जिंकलेला माणूस आज मागे आहे, तरी त्याला पुढारी का म्हणतात. आत्याने माझ्याकडे बघितलं. मग तिने आवाज बारीक केला आणि त्यांना समजावून सांगितलं, की सगळ्या दिवसांचा वेळ मिळवतात, आणि ज्याचा कमी तो जिंकतो.

"रोजचा पहिला तो पहिला नाही?"

"नाही."

"आणि हे पहिल्यापासून असंच आहे?"

"पहिल्या वर्षापासून. चौतीस वर्षं तुम्ही कशात होतात मग?"

"बाणात," आतोबा म्हणाले.

आत्या हसून हसून बेजार झाली. पण तिने शिकवायचं सोडलं नाही, आणि सहाव्या दिवसापर्यंत आतोबा तयार झाले. इतके, की त्यांचा एक आवडता माणूसही ठरला. तो एकशे बाराव्या नंबरवर होता, म्हणजे सगळ्यांत शेवटी. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, पडल्यामुळे कोपराला पट्टी. पुढच्यांना मोटारसायकली असतात, कॅमेरे असतात, त्यांचं काही अडत नाही, असं आतोबांचं मत. खरा रस्ता शोधत येतो तो शेवटचा.

शेवटच्या दिवशी विजेता आला, फुलं झाली, भाषणं झाली आणि टीव्हीवाल्यांनी बातम्या लावल्या. तो पोरगा अजून यायचा होता. आतोबांनी दुसरा चॅनल लावून बघितला, तिसरा लावला. मग चष्मा शोधला, भिंतीवरच्या वहीतून नंबर काढला आणि समितीच्या नव्या चिटणीसांना फोन लावला. ते कार्यक्रमाच्या गडबडीत होते, पण पेंटरांचा आवाज ओळखून थांबले. आतोबांनी विचारलं, शेवटचा, एकशे बारावा पोरगा आला का. चिटणीस म्हणाले, बघून सांगतो. आतोबा फोन कानाला लावून उभेच राहिले. आत्याने दोनदा खुर्ची पुढे सरकवली, बसले नाहीत.

बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला. आतोबांनी ऐकलं, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

"आला," त्यांनी आम्हाला सांगितलं. "आता वाढा."